उज्जवायु, अर्थात् हायड्रोजन

लोणावळ्याच्या पावसाविषयीं मावळांतील माणसास नवीन सांगण्यासारखें कांहीं नाहीं. वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो, तेथील विद्यार्थ्यास पाणी म्हणजे काय हें शिकवावयास नको असें कोणासही वाटेल. परंतु हें पाणी कशाचें झालें आहे असा प्रश्न वर्गांत टाकला म्हणजे उत्तर येण्यास अंमळ वेळ लागतो. 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' हे दोन शब्द पुष्कळांस पाठ असतात. पण त्यांपैकीं पहिला वायु कसा असतो, कोठें सांपडतो, हातीं आला तर त्याशीं कसें वागावें, असें विचारलें कीं सारा वर्ग स्तब्ध होतो. ह्या वायूची ओळख करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. ही ओळख केवळ परीक्षेपुरती नव्हे. हा वायु यात्रेंतील फुग्यांतून व घरांतील विजेच्या बॅटरींतून आपल्या दाराशीं येतच असतो, म्हणून पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची इच्छा आहे.

आधीं नांवाचा विचार करूं. जुन्या मराठी पुस्तकांत ह्या वायूस 'उज्ज' म्हणत. उद म्हणजे पाणी. त्यापासून जन्मलेला तो उद्ज, आणि संधि होऊन उज्ज. इंग्लंडांतील कॅव्हेंडिश ह्या शास्त्रज्ञानें १७६६ मध्यें ह्या वायूचे गुणधर्म प्रथम नीट तपासले. पुढें फ्रान्समध्यें लाव्हाझिए व त्याचे सहकारी यांनीं ग्रीक शब्दांवरून 'हायड्रोजन' हें नांव रूढ केलें. त्याचा अर्थ पाणी उत्पन्न करणारा. म्हणजे मराठी नांवांत पाणी ही आई ठरते, तर ग्रीक नांवांत तें अपत्य ठरतें. दोन्ही नांवें खरींच आहेत. तीं कशीं, हें लेखाच्या शेवटीं आपोआप ध्यानांत येईल.

शाळेच्या प्रयोगशाळेंत हा वायु करण्याची रीत सोपी आहे. दोन तोंडांच्या कांचेच्या बाटलींत जस्ताचे तुकडे घालावे. एका तोंडांत लांब दांड्याचें नरसाळें बसवावें व दुसऱ्यांतून वांकविलेली नळी बाहेर काढून तिचें टोंक पाण्याच्या परातींत बुडवावें. नरसाळ्यांतून पातळ गंधकाम्ल ओतलें कीं बुडबुडे येऊं लागतात. गंधकाम्ल पातळ करावयाचें तें पाण्यांत थोडें थोडें अम्ल ओतूनच करावें. अम्लांत पाणी ओतूं नये, नाहीं तर उष्णतेनें तें उसळून अंगावर येतें. जस्त अगदीं शुद्ध असेल तर क्रिया फार सावकाश चालते. अशा वेळीं मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले कीं ती झपाट्यानें सुरू होते. पहिले बुडबुडे बाटलींतील हवेचे असल्यामुळें ते सोडून द्यावे. मग पाण्यानें भरून पालथें घातलेलें वायुपात्र नळीच्या तोंडावर धरलें म्हणजे पाणी खालीं सरून वायु वर सांचतो. पाण्यांत तो फारच थोडा विरघळतो, म्हणून त्याला अशा रीतीनें पाण्यावरून गोळा करतां येतें.

पात्र भरल्यावर पाहूं गेल्यास दिसत कांहींच नाहीं. ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. ह्या तीन 'नाहीं' मुळें पुष्कळ विद्यार्थी कंटाळतात. पण चौथी गोष्ट अशी आहे कीं तिच्यापुढें कंटाळा उरत नाहीं, आणि ती म्हणजे त्याचें वजन. शून्य अंश उष्णमानावर व नेहमींच्या हवेच्या दाबाखालीं एक लिटर हवेचें वजन १.२९ ग्रॅम भरतें. तेवढ्याच हायड्रोजनचें ०.०९ ग्रॅम. म्हणजे तो हवेच्या मानानें सुमारें साडेचौदा पटींनीं हलका आहे. सर्व पदार्थांत एवढा हलका वायु दुसरा नाहीं. कारणही सरळ आहे. त्याच्या परमाणूंत एकच प्रोटॉन व त्याभोंवतीं एकच इलेक्ट्रॉन. याहून साधी रचना संभवतच नाहीं. असे दोन परमाणु जोडून त्याचा एक रेणु होतो.

भरलेलें पात्र तोंड वर करून ठेवलें तर क्षणांत रिकामें होतें. पालथें धरलें तर कांहीं वेळ भरलेलें राहतें. पाण्याच्या घागरीच्या अगदीं उलट व्यवहार! साबणाच्या पाण्यांत नळीचें टोंक बुडवून बुडबुडे सोडले तर ते सरळ छताकडे जातात. कार्ल्याच्या किंवा देहूच्या यात्रेंत फुगेवाल्याच्या हातांतून सुटलेला फुगा आकाशांत दिसेनासा होतो व मूल रडत राहतें, तेंही ह्याच न्यायानें. एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, कीं किती फुगे धरले म्हणजे आपणही वर जाऊं? हिशेब कठीण नाहीं. एक फूट व्यासाच्या फुग्यांत सुमारें चौदा लिटर वायु मावतो. आपल्याकडील उष्णमानावर एक लिटरामागें साधारण १.१ ग्रॅम वजन उचललें जातें. रबराचें वजन वजा जातां एक फुगा बारा ग्रॅमांच्या आसपास उचलील. तेव्हां तीस किलो वजनाच्या मुलास अडीच हजार फुगे लागतील, आणि दोरे वेगळे!

हेंच काम शहाणपणानें केलें तर त्याचा केवढा उपयोग होतो तें पुण्यास पाहतां येतें. १९२८ मध्यें हवामान खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. तें पुढें दिल्लीस गेलें तरी पुण्यांतील कार्यालयाचें महत्त्व आजही मोठें आहे. वरच्या हवेची परीक्षा करण्यासाठीं हवामान खातें फुगे सोडतें, व ते पुष्कळदां हायड्रोजननें भरलेले असतात. फुग्याखालीं लहानसें यंत्र टांगलेलें असतें. तें उष्णमान, दाब व दमटपणा यांची बातमी बिनतारी संदेशानें खालीं पाठवितें. वर हवेचा दाब कमी होत जातो तसा फुगा फुगत जातो, आणि शेवटीं फुटून यंत्र खालीं येतें. घाटावर ढग चढण्यापूर्वींच पावसाचा अंदाज आपल्या कानीं येतो, त्यामागें अशा फुग्यांचेही कष्ट असतात.

फुगा घरीं आणून बांधून ठेवला तर सकाळीं तो मलूल होऊन जमिनीवर पडलेला आढळतो. मुलें म्हणतात, कोणीतरी टांचणी लावली. टांचणीची गरज नाहीं. हलक्या वायूचे रेणु अतिशय वेगानें फिरतात व रबराच्या सूक्ष्म छिद्रांतून ते हवेच्या रेणूंपेक्षां लवकर निसटतात. कितीही घट्ट गांठ मारली तरी हा पाहुणा रात्रभर राहत नाहीं. ह्याच चपळपणामुळें त्याच्यांतून उष्णता हवेच्या मानानें सुमारें सात पट सहज वाहते व ध्वनि जवळजवळ चौपट वेगानें जातो. द्रवरूप करण्यास मात्र तो महाकठीण. उणें २५३ अंशांपर्यंत थंड केल्यावांचून वश होत नाहीं. लंडन येथें ड्यूअर यानें १८९८ मध्यें प्रथम त्याचा द्रव केला.

इतका चपळ वायु पृथ्वीच्या आकर्षणानेंही धरून राहत नाहीं. वातावरणाच्या वरच्या थरांतून तो हळूहळू अवकाशांत निघून जातो, म्हणून आपल्या हवेंत मोकळा हायड्रोजन नांवालाच आहे. मग तो विपुल कोठें आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यांत आपल्या मुलुखाचाही वांटा आहे, व तो विद्यार्थ्यांस ठाऊक असावा. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. त्या वेळीं पटवर्धनांचें संस्थान असलेल्या जमखंडी येथें लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्या सर्व्हे खात्यांतील अधिकाऱ्यानें वर्णपटदर्शक यंत्र लाविलें होतें. सूर्याच्या कडेला ग्रहणसमयीं ज्या तांबूस ज्वाळा दिसतात, त्या कशाच्या आहेत हें पाहावयाचें होतें. ढगांनीं पुष्कळ छळलें. तरी मध्येंच आकाश उघडलें तेव्हां त्यास त्या ज्वाळांच्या वर्णपटांत तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. तांबडी व निळी ह्या हायड्रोजनच्या खुणेच्या रेषा होत. त्याच ग्रहणांत गुंटूर येथें जान्सेन ह्या फ्रेंच ज्योतिषानेंही हाच निर्णय केला. म्हणजे सूर्याच्या ज्वाळा पेटत्या उज्जवायूच्या, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेथें जळणें नाहीं, तर प्रचंड उष्णतेनें तो वायु नुसता तेजाळला आहे. नारिंगी रेषा मात्र कोणाच्याच खुणेशीं जमेना. ती हेलियम नांवाच्या नव्या मूलद्रव्याची निघाली.

त्यानंतर २२ जानेवारी १८९८ चें खग्रास ग्रहण तर आपल्याच रेल्वेच्या मार्गावर आलें. पुण्याहून सोलापूरकडे जातांना लागणाऱ्या जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी नायगांववाला यांनीं वेधशाळेचीं यंत्रें नेऊन त्याचें निरीक्षण केलें; अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे लोकही तेथें येऊन उतरले होते. कोंकणांत विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर हे आले होते. आज आपणांस ठाऊक आहे कीं सूर्याच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आहे, आणि दर सेकंदास सुमारें साठ कोटी टन हायड्रोजनचें हेलियमांत रूपांतर होऊन जी शक्ति मोकळी होते, तिच्यावर मावळांतील भाताचें रोप वाढतें.

आतां सूर्यावरून प्रयोगशाळेंत परत येऊं. हायड्रोजनच्या पालथ्या पात्रांत पेटती मेणबत्ती खालून वर नेली तर दोन गोष्टी एकदम घडतात. पात्राच्या तोंडाशीं वायु स्वतः पेटतो, आणि आंत गेलेली मेणबत्ती विझते. तो स्वतः जळतो, दुसऱ्यास जळूं देत नाहीं. त्याची ज्योत फिकट निळी असते. इतकी फिकट, कीं उन्हांत ती दिसतही नाहीं. दिसत नाहीं म्हणून ती थंड आहे असें मात्र नव्हे. जळणाऱ्या ज्योतीवर थंड कोरडी कांच धरली तर तिच्यावर दंव सांचतें. हें दंव म्हणजे पाणी! लाव्हाझिएचें नांव येथें सार्थ होतें.

शुद्ध हायड्रोजन निमूटपणें जळतो. परंतु त्यांत हवा मिसळली कीं त्याचा स्वभाव पालटतो, आणि ठिणगी लागतांच सर्व मिश्रण एकाच क्षणीं पेटून स्फोट होतो. शंभर भाग मिश्रणांत चार भागांपासून पंचाहत्तर भागांपर्यंत हायड्रोजन असला तरी तें पेट घेतें. इतकी विस्तृत मर्यादा दुसऱ्या फार थोड्या वायूंची आहे. आणि त्यास लागणारी ठिणगीही अति अल्प, कोरड्या दिवसांत लोकरीचा सदरा काढतांना चटचटते तेवढी पुरे. म्हणून नळीच्या तोंडाशीं वायु पेटविण्यापूर्वीं तो एका परीक्षानळींत घेऊन, ती बाटलीपासून दूर नेऊन पेटवून पाहावी. 'पॉप्' असा तीक्ष्ण आवाज आला तर हवा शिल्लक आहे असें समजावें व थांबावें. आवाज मृदु होईपर्यंत ही परीक्षा पुनःपुन्हा करावी. ही पायरी कोणीही, कितीही घाई असली तरी, गाळूं नये.

हलकेपणा व ज्वलनशीलता हे दोन गुण एकाच वायूंत आहेत हें विसरल्यानें मोठमोठ्या लोकांनाही प्राणांचें मोल द्यावें लागलें आहे. सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत होता त्या काळीं इंग्लंडाहून कराचीपर्यंत विमानजहाजांची ये-जा सुरू करण्याचा बेत झाला. कराचीस त्यांच्यासाठीं प्रचंड छपरी बांधण्यांत आली. आर. १०१ नांवाचें हायड्रोजननें भरलेलें विमानजहाज ४ ऑक्टोबर १९३० रोजीं कराचीकडे यावयास निघालें. दुसऱ्या दिवशीं पहाटें फ्रान्समध्यें बोव्हे गांवाजवळ तें जमिनीवर आदळलें व पेटलें. ५४ पैकीं ४८ माणसें मृत्यु पावलीं. सात वर्षांनीं, ६ मे १९३७ रोजीं, अमेरिकेंत हिंडेनबर्ग ह्या जर्मन जहाजाची तीच गत झाली व ३६ माणसें गेलीं. त्यानंतर अशा जहाजांनीं उतारू नेण्याचा काळ संपल्यासारखाच झाला.

विमानजहाजें गेलीं, पण फुगेवाला आहे. यात्रेंत पुष्कळदां लोखंडी नळकांड्यांत ॲल्युमिनियमचे तुकडे, कॉस्टिक सोडा व पाणी घालून जागच्या जागीं हायड्रोजन करतात. ही क्रिया फार उष्णता देणारी आहे. आंत दाब वाढत जातो, व सोड्यानें आणि गंजानें खाल्लेलें नळकांडें तो सोसूं शकलें नाहीं तर फुटतें. फुगेवाला गरीब माणूस असतो व स्वतःचा जीवही तो त्याच धोक्यांत घालीत असतो, हें आम्ही जाणतों. तथापि मुलांस त्या नळकांड्याभोंवतीं गर्दी करूं देणें बरें नव्हे. गॅसचा फुगा आणलाच तर तो समई, उदबत्ती, वाढदिवसाची मेणबत्ती किंवा कोणाची विडी यांपासून दूर ठेवावा. बंद मोटारींत फुग्यांचा झुबका घेऊन बसूं नये. हेलियम भरलेले फुगेही मिळतात. तो वायु पेटत नाहीं. महाग मात्र पडतो.

दुसरी गोष्ट घरांतील इन्व्हर्टरची. पावसाळ्यांत लोणावळ्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून पुष्कळ घरीं तो असतो. त्याच्या शिशाच्या बॅटरींत वीज भरतांना, विशेषतः शेवटीं शेवटीं, आंतल्या पाण्याचे घटक वेगळे होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. मोकळ्या जागेंत हायड्रोजन वर उडून जातो व कांहीं बिघडत नाहीं. बंद कपाटांत किंवा जिन्याखालच्या कोंदट कोनाड्यांत तो छताशीं सांचतो. बॅटरीची जागा वाऱ्याची असावी, तिच्या वर देव्हारा किंवा दिवा नसावा, आणि पाण्याची पातळी पाहण्यास काडी पेटवून तर कधींच वांकूं नये.

बॅटरींत जें नकळत घडतें तेंच वर्गांत मुद्दाम करतां येतें. थोडें अम्ल घातलेल्या पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडला तर ऋण ध्रुवापाशीं हायड्रोजन व धन ध्रुवापाशीं ऑक्सिजन निघतो; पहिला आकारमानानें दुसऱ्याच्या दुप्पट. वजनानें पाहिलें तर नऊ भाग पाण्यांत एकच भाग हायड्रोजन असतो. एक लिटर पाण्यांत तो सुमारें १११ ग्रॅम आहे, व मोकळा केल्यास १,२४० लिटर जागा व्यापील. येथें 'उज्ज' हें मराठी नांव सार्थ होतें.

हें ऐकून चलाख विद्यार्थी विचारतो कीं, एवढें जळाऊ द्रव्य पाण्यांत आहे, तर पाण्यावरच मोटार कां चालवूं नये? असें विचारणारे केवळ विद्यार्थी नसतात. पाण्यावर गाडी चालविण्याचें यंत्र म्हणून कांहीं वस्तु विकणारे लोक अधूनमधून निघतात व त्यांस गिऱ्हाईकही मिळतें. यांतील चूक एका वाक्यांत सांगतां येते. पाणी हें जळण नसून जळून झालेली राख आहे. हायड्रोजन जळला म्हणजे पाणी होतें, जसें लांकूड जळल्यावर चुलींत राख उरते. राखेचें पुन्हा लांकूड करावयाचें तर जळतांना जेवढी शक्ति मिळाली तेवढी तरी परत भरावी लागेल, आणि व्यवहारांत त्याहून अधिकच.

ती किती, हें मोजण्यास लोणावळ्याइतकें चांगलें ठिकाण नाहीं. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें नळांतून घाटाखालीं नेऊन १९१५ पासून खोपोली येथें वीज केली. पाणी पांचशें मीटरांहून अधिक खालीं येतें व त्या वेगानें चक्रें फिरवितें. पाण्यांतील हायड्रोजनचा येथें कांहींच संबंध नाहीं. वीज मिळते ती पडण्याची. आतां समजा, ह्या विजेनें आपणांस एक लिटर पाणी फोडावयाचें आहे. एक किलो हायड्रोजन करण्यास सुमारें पन्नास युनिट वीज लागते; १११ ग्रॅमांस साडेपांच युनिट. पांचशें मीटर खालीं पडणारें एक लिटर पाणी, यंत्रांतील नुकसान वजा जातां, साधारण एका युनिटाचा नऊशेंवा भाग वीज देतें. तेव्हां एक लिटर पाणी फोडण्यासाठीं जवळजवळ पांच हजार लिटर पाणी लोणावळ्याहून खोपोलीस पाडावें लागेल! पाण्याच्या एका थेंबांत हे दोन वायु एकमेकांस किती घट्ट धरून आहेत याची कल्पना यावरून यावी.

मग हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची वार्ता खोटी काय? नाहीं. २१ ऑगस्ट २०२२ रोजीं पुण्यांत हायड्रोजनच्या विद्युत्घटावर चालणारी, देशांत तयार केलेली बस दाखविण्यांत आली. ती सिद्ध करण्यांत पुण्यांतील एक खाजगी कंपनी व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांचा भाग होता. त्या घटांत हायड्रोजन जळत नाहीं. तो हवेंतील ऑक्सिजनशीं शांतपणें संयोग पावून वीज देतो व मागें पाणी सोडतो. धूर नाहीं, काजळी नाहीं. वजनाच्या मानानें त्याची शक्ति पेट्रोलच्या तिप्पट आहे. फक्त तो इतका विरळ, कीं गाडींत मावण्यासाठीं त्यास हवेच्या दाबाच्या शेंकडों पटींनीं दाबून भरावें लागतें. परंतु तो हायड्रोजन आधीं कोणी तरी, कोठें तरी, वीज खर्चून किंवा नैसर्गिक वायूपासून केलेला असतो. वीज दगडी कोळशाची असेल तर धूर पुण्यांत न निघतां चंद्रपुरास निघाला इतकेंच; ती उन्हाची, वाऱ्याची किंवा पडत्या पाण्याची असेल तर मात्र धूर कोठेंच नाहीं. आज सर्व देशांत ह्याच दुसऱ्या प्रकारच्या हायड्रोजनसाठीं खटपट चालली आहे, व ती योग्य आहे असें आम्हांस वाटतें.

एक हजार लिटरांच्या टांकींतील पाण्यांत किती किलो हायड्रोजन आहे, तो सर्व मोकळा करण्यास किती युनिट वीज लागेल, आणि तेवढ्या विजेसाठीं वळवणच्या तलावांतील किती लिटर पाणी खोपोलीस उतरवावें लागेल, हें विद्यार्थ्यांनीं आपापल्या वहींत काढून आणावें. लागणारे सर्व आंकडे वर दिले आहेत.